दिवसाचा दिवा

धंदा बसतो, पैसा बुडतो, भागीदार हात वर करतो आणि पेढीचं दिवाळं निघतं. यांतल्या शेवटच्या शब्दापाशी जरा थांबू. 'दिवाळं' हा शब्द कशावरून आला याबद्दल जाणकारांत एकमत नाही, पण एक जुनं स्पष्टीकरण दिव्यापाशी जाऊन पोचतं. ड्रमंड नावाच्या साहेबानं गुजराती, मराठी आणि इंग्रजी या तीन भाषांवर एक पुस्तक लिहिलं, ते १८०८ साली मुंबईत छापलं गेलं. त्यात त्यानं व्यापाऱ्यांची एक चाल नोंदवली आहे. व्यापारी बुडाला, किंवा आता बुडणार असं त्याला दिसलं, की तो घरात, दुकानात नाहीतर पेढीवर चांगला मोठा दिवा पेटवून ठेवी आणि काही दिवस निघून जाई. हिशेब उघडे पडले, उरल्यासुरल्याची वाटणी झाली, घेणेकऱ्यांचं समाधान झालं, की परत येई. हा दिवा भरदिवसा पेटवलेला असे, असंही सांगतात. ते पटण्यासारखं आहे, कारण रात्रीच्या दिव्याकडे कोण वळून बघतो?

व्युत्पत्ती खोटी ठरली तरी चाल शहाणपणाची होती. बुडालो हे आपण होऊन सांगायचं, वह्या उघड्या टाकायच्या, काही काळ बाजूला व्हायचं आणि मग त्याच गल्लीत परत यायचं. आजचा पोरगा नेमकं उलटं करतो. कंपनी बंद पडली की तो आधी दिवा विझवतो. फोन उचलत नाही, पुरवठादाराच्या गल्लीतून जायचं टाळतो, लिंक्डइनवर 'संस्थापक' ही पाटी तशीच ठेवतो आणि घरी विचारलं तर 'चाललंय' म्हणतो. पैसा बुडाल्याचं दुःख असतंच, पण माणसाला आतून पोखरतं ते हे विझवून ठेवणं. ते कसं, हे पाहायला आपल्याला दोनशे वर्षं मागे, हैदराबादेत जावं लागेल.

कोठीच्या बस स्टँडवरून बडी चावडीकडे चालायला लागलं की सुलतान बाजार सुरू होतो. कापडाची दुकानं, बांगड्या, परकर-पोलक्याचं कापड, आणि माणसातून वाट काढणाऱ्या स्कूटरी. पलीकडे जांबागेत १९०७ पासूनची आपली विवेकवर्धिनी शाळा, त्यामुळे या गर्दीत मराठी कानावर पडलं तर दचकायचं कारण नाही. पण हा भाग एकेकाळी निजामाच्या शहरात असूनही निजामाचा नव्हता. जेम्स किर्कपॅट्रिक या इंग्रज रेसिडेंटानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुसीकाठी आपला खांबांचा महाल बांधला आणि त्याच्या भोवती जो बाजार वसला, तो 'रेसिडेन्सी बाजार'. तिथं कायदा रेसिडेंटाचा, न्याय रेसिडेंटाचा. निजामाच्या कोतवालापासून चार हात लांब राहू पाहणारे सावकार आणि पेढीवाले तिथं येऊन बसले. १९३३ साली हा भाग निजामाला परत मिळाला आणि त्याचं नाव सुलतान बाजार झालं. रेसिडेन्सीच्या महालात १९४९ पासून मुलींचं कॉलेज भरू लागलं. आता तिथं महिला विद्यापीठ आहे.

या शहरात नव्या धंद्यांचं घर म्हणून आज टी-हब दाखवतात. २०१५ साली गचीबावलीत सुरू झालेलं, २०२२ मध्ये रायदुर्गच्या नव्या इमारतीत गेलेलं. तिथल्या काचेच्या भिंतींआड यशस्वी मंडळींच्या गोष्टी पुष्कळ ऐकायला मिळतात. मला मात्र या विषयाचा खरा धडा जुन्या रेसिडेन्सीच्या सावलीतच सापडला, तो विल्यम पामर आणि कंपनी या पेढीच्या बुडण्यात.

पामर हे नाव मराठी वाचकाला अगदीच परकं नाही. पेशव्यांच्या दरबारी १७९८ ते १८०१ या काळात इंग्रजांचा रेसिडेंट होता तो जनरल विल्यम पामर. १८०० सालच्या मार्चात नाना फडणीस गेले तेव्हा मराठी राज्याचं शहाणपण आणि संयम त्यांच्याबरोबर गेला, अशा अर्थाचं जे वाक्य आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हमखास येतं, ते याचंच. त्याची बायको फैज बख्श बेगम. या कुटुंबाचं १७८६ च्या सुमाराचं, रेनाल्डी या चित्रकाराच्या नावावर असलेलं चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातला सहा वर्षांचा मुलगा म्हणजे आपल्या गोष्टीतला विल्यम. त्याचं शिक्षण इंग्लंडात झालं, पण आई हिंदी असलेल्या मुलांना १७९१ पासून कंपनी सरकारच्या बड्या नोकऱ्यांची दारं बंद झाली होती. म्हणून तो निजामाच्या फौजेत अधिकारी झाला, तिथं वर चढला आणि मग नोकरी सोडून १८१४ च्या सुमारास त्यानं पेढी काढली.

आजच्या भाषेत सांगायचं तर पोरानं चांगली नोकरी सोडून स्टार्टअप काढलं. भागीदार म्हणून धाकटा भाऊ हेस्टिंग्ज पामर आला, बंकटी दास हा गुजराती सावकार आला. पुढं सर विल्यम रम्बोल्ड आला, ज्याची बायको गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या घरात मुलीसारखी वाढलेली. कमी दरानं ठेवी घ्यायच्या आणि निजाम सरकारला शेकडा चोवीस-पंचवीसच्या घरात कर्ज द्यायचं, हा धंदा. निजामाच्या पलटणींचे पगार औरंगाबादेत आणि वऱ्हाडात पेढीनं आगाऊ भागवायचे आणि त्याबदल्यात मुलखाचा वसूल लावून घ्यायचा. हिंदी राजांना इंग्रज माणसानं कर्ज देऊ नये असा १७९७ चा कायदा होता, पण गव्हर्नर-जनरलची खास परवानगी असेल तर देता येई. ती परवानगी १८१६ साली मिळाली. रेसिडेंट हेन्री रसेल पामरांच्या बाजूचा, निजामाचा कर्ताधर्ता चंदुलाल कर्जाला कधी नाही न म्हणणारा. पेढी फुगत गेली.

इथं मला एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. या पेढीबद्दल हळहळ वाटावी असं फारसं काही नाही. तिचं व्याज शेवटी कुणी भरलं? वऱ्हाडातल्या आणि मराठवाड्यातल्या कुणब्यानं. तिच्या बुडण्यानं एक लूट थांबली असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण बुडण्याचा घाट असा काही ओळखीचा आहे की आजच्या कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदाशेजारी तो ठेवून पाहावा. एकच मोठं गिऱ्हाईक. एकच मोठा आश्रयदाता. आणि नियमातली एकच फट, जी उघडी राहील या भरवशावर उभा केलेला सगळा डोलारा.

१८२० च्या नोव्हेंबरात रसेलच्या जागी चार्ल्स मेटकाफ आला. वय पस्तीस. रम्बोल्डशी त्याची चांगली मैत्री होती, त्यामुळे आता तर सोन्याहून पिवळं असं पेढीवर वाटलं असेल. पण मेटकाफनं वह्या पाहिल्या. त्याच वर्षी पेढीनं निजाम सरकारला साठ लाखांचं कर्ज दिल्याचं दाखवलं होतं. त्यातला मोठा हिस्सा म्हणजे नवी रोकड नव्हतीच. जुनीच देणी नव्या नावानं लिहून घेतलेली. रेसिडेन्सीच्या नोकरीतल्या काहींचे हितसंबंधही पेढीत गुंतलेले निघाले. मेटकाफनं कलकत्त्याला लिहायला सुरुवात केली, मैत्री गेली, आणि गव्हर्नर-जनरलची मर्जीही गेली. लॉर्ड हेस्टिंग्ज १८२३ च्या आरंभी हिंदुस्थान सोडून गेला. त्याच वर्षी कंपनी सरकारनं निजामाला पामरांच्या कर्जातून मोकळं केलं. उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामाला दरसाल सात लाख रुपये देत असे. तो हक्क कायमचा सोडायचा आणि त्याबदल्यात एकरकमी १,१६,६६,६६६ रुपये घ्यायचे, असा सौदा झाला. सात लाख हे शेकडा सहाचं व्याज धरलं तर मुद्दल बरोबर एवढंच येतं. पेढीला पुढचे व्यवहार बंद झाले, आणि १८२४ साली ती बुडाली. या भानगडीची कागदपत्रं त्याच वर्षी लंडनला छापून निघाली, तो ग्रंथ चांगला जाडजूड आहे.

आपल्या कामाची गोष्ट इथून पुढं सुरू होते, कारण बुडाल्यावर काय झालं हे सहसा कुणी लिहीत नाही.

सर विल्यम रम्बोल्ड लढत राहिला. पेढीवर अन्याय झाला, निजामाच्या सरदारांकडून अजून येणं आहे, परवानगी असताना कर्ज बेकायदा कसं, असे त्याचे मुद्दे होते, आणि त्यांतले सगळेच पोकळ नव्हते. अर्ज, वकिलांची मतं, इंग्लंडातल्या ओळखी, पुन्हा अर्ज. पेढीच्या या दाव्यावरून १८३० नंतर लंडनमध्ये कंपनीचे डायरेक्टर आणि त्यांच्यावर देखरेख करणारं सरकारी मंडळ यांच्यात कोर्टबाजीही झाली. दावा पेढीचा, म्हणजे पामरच्याही नावाचा होता. पण धावाधाव मुख्यतः रम्बोल्डची. १८३३ साली तो हैदराबादेत वारला. पेढी बुडून नऊ वर्षं झाली होती आणि त्याची वही उघडीच होती.

पामरही हैदराबादेतच राहिला. गाव सोडलं नाही, नाव बदललं नाही. ज्या शहरात शेकडो लोकांना तो कर्ज देणारा म्हणून माहीत होता, त्याच शहरात बुडालेला म्हणून फिरला. आई फैज बख्श बेगम उतारवयात त्याच्याजवळ होती. सावकारीत तो पुन्हा कधी त्या उंचीला गेला नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. 'आपटला आणि दुप्पट उसळला' या धाटणीची ही गोष्ट नाही. पण त्याचं घर बंद झालं नाही. हैदराबादेत नव्यानं आलेला तरुण अधिकारी पामरच्या घरी जाई, निजामाच्या दरबाराचं आतलं-बाहेरचं त्याच्याकडून ऐकून घेई. बुडालेल्या माणसाकडे एक भांडवल कायम राहतं, ते म्हणजे त्याला ठाऊक असलेलं. पामरनं ते वाटून टाकलं.

त्या घरी येणाऱ्या तरुणांत एक होता फिलिप मेडोज टेलर. याची स्वतःची सुरुवातही बुडत्या पेढीपासूनची. १८२४ साली, म्हणजे पामरची पेढी बुडाली त्याच वर्षी, पंधरा वर्षांचा हा पोरगा इंग्लंडहून मुंबईला आला. बॅक्स्टर नावाच्या व्यापाऱ्यानं त्याला कारकून म्हणून घेऊन पुढं भागीदार करायचं कबूल केलं होतं. मुंबईला उतरल्यावर कळलं की बॅक्स्टरचाच धंदा डबघाईला आलाय. घर हजारो मैल दूर, हातात काही नाही. एका नातलगाच्या ओळखीनं त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि व्यापारी व्हायला निघालेला मुलगा शिपाईगडी झाला. पुढं तो मोजणी शिकला, फारसी-हिंदुस्थानीबरोबर मराठी शिकला, पोलिसाचं काम केलं, तळी-बंधारे बांधले. १८३२ मध्ये पामरची मुलगी मेरी हिच्याशी त्याचं लग्न झालं. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ साली लंडनला निघाली आणि गाजली. 'तारा' ही तुळजापूरपासून सुरू होणारी मराठी मुलुखाची कादंबरी १८६३ ची. मुंबईतली ती पेढी नीट चालली असती, तर कापसाच्या गाठी मोजणारा आणखी एक साहेब झाला असता, एवढंच.

आता या दोन-तीन आयुष्यांकडे आजच्या मानसशास्त्राच्या बाजूनं पाहू. डीन शेफर्ड या अभ्यासकानं २००३ साली एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं साधं होतं: स्वतःचा धंदा बुडणं हे माणसाला जवळचं कुणी गेल्यासारखं लागतं, तेव्हा त्याला शोक म्हणूनच हाताळा. हे त्याला पुस्तकातून सुचलं नव्हतं. घरचा धंदा बंद पडल्यावर स्वतःच्या वडिलांचं काय झालं हे त्यानं पाहिलं होतं. शोकाबद्दलचा विचार त्यानं घेतला स्ट्रोबं आणि शूट या नेदरलँडमधल्या दोन संशोधकांकडून. १९९९ साली त्यांनी मांडलं की शोकातून सावरणारा माणूस एका जागी बसत नाही, तो दोन खोल्यांत ये-जा करतो. एका खोलीत जे गेलं त्याकडे बघायचं: काय झालं, कुठं चुकलं, कुणी दगा दिला. दुसऱ्या खोलीत जे समोर आहे ते करायचं: भाडं, नोकरीचा अर्ज, मुलाची फी. नुसतं पहिल्या खोलीत बसलं तर माणूस तेच ते घोळवून आजारी पडतो. नुसतं दुसऱ्या खोलीत राहिलं तर कामाचा डोंगर उपसत राहतो, आणि दोन वर्षांनी एखाद्या लग्नाच्या पंगतीत जुन्या भागीदाराचं नाव निघालं की हातातला घास खाली ठेवतो.

रम्बोल्ड पहिल्या खोलीतून बाहेरच पडला नाही. शेफर्डचा लेख त्याच्यानंतर एकशे सत्तर वर्षांनी आला, पण त्यात त्याचंच वर्णन आहे.

आपल्याकडे या दोन्ही खोल्यांच्या दाराशी नातेवाईक उभे असतात, ही एक वेगळीच अडचण. पहिल्या खोलीशी उभा असलेला काका म्हणतो, "मी तेव्हाच सांगत होतो." दुसऱ्या खोलीशी मावशी असते: "झालं ते झालं, आता बँकेची परीक्षा दे." दोघांच्याही मनात वाईट काही नसतं. पण मराठी मध्यमवर्गात धंद्याकडे अजूनही 'उद्योग' म्हणजे 'नसता उद्योग' याच अर्थानं पाहिलं जातं, आणि धंदा बुडाला की मुलाची पारख चुकली असं कुणी म्हणत नाही, मुलगाच चुकीचा ठरतो. मारवाडी-गुजराती घरांत आकडा बुडाल्याचं दुःख जास्त आणि अब्रूचं कमी असतं, असं म्हणायचा मोह होतो. ते अर्धसत्य आहे. अब्रू त्यांनाही असते. फरक इतकाच की बुडण्याबद्दल बोलायला त्यांच्याकडे शब्द आहेत, वहीत त्यासाठी खातं आहे. आपण मात्र कुजबुजतो.

बोलता येत नसेल तर लिहावं. हा उपदेश वाटेल, पण त्यामागं एक छान प्रयोग आहे. १९९४ साली स्पेरा, बुहरफाइंड आणि पेनेबेकर या तिघांनी, नुकतीच नोकरी गेलेल्या ६३ व्यावसायिकांवर तो केला. काहींना रोज थोडा वेळ, काही दिवस, नोकरी गेल्याबद्दल मनात जे येईल ते लिहायला सांगितलं. काहींना साध्या, रुक्ष विषयांवर लिहायला लावलं. काहींना काहीच लिहायला सांगितलं नाही. मनातलं लिहिणाऱ्यांना पुढं नोकऱ्या लवकर मिळाल्या. गंमत ही की त्यांनी इतरांपेक्षा जास्त अर्ज केले होते असं नाही. फरक पडला तो बहुधा मुलाखतीच्या खुर्चीत. आतला राग कागदावर निघून गेलेला माणूस समोरच्या साहेबाशी जुन्या साहेबाचं भांडण भांडत नाही.

मात्र झोप उडाली आहे, जेवण जात नाही, पंधरा-पंधरा दिवस कशातच मन लागत नाही, किंवा जगण्याचाच कंटाळा बोलून दाखवावासा वाटतो, अशी वेळ असेल तर वही पुरेशी नाही. तेव्हा डॉक्टर. केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट. मराठीतही बोलता येतं, तेलुगूतही.

आता वह्यांकडे वळू. माझं असं मत आहे की मनाचं सावरणं आणि कागदाचं सावरणं ही दोन कामं नाहीतच. ज्याचे कागद अर्धवट पडून आहेत त्याला झोप येत नाही, मग त्यानं कितीही प्राणायाम केला तरी. कंपनी 'बंद पडली' आणि कंपनी 'बंद केली' यांत फार फरक आहे. बंद पडलेली कंपनी कायद्याच्या नजरेत जिवंतच असते. तिनं सलग तीन आर्थिक वर्षं हिशेब किंवा वार्षिक विवरणं दाखल केली नाहीत, तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे तिचे संचालक पाच वर्षांसाठी संचालकपदाला अपात्र ठरतात. म्हणजे पुढची कंपनी काढायची हिंमत होईपर्यंत मागची आडवी येते. त्यापेक्षा देणी फेडून, भागधारकांची संमती घेऊन, नाव काढून टाकण्याचा अर्ज करावा. या कामासाठी २०२३ पासून मानेसरला एक वेगळं केंद्रच सुरू झालं आहे आणि आता हे पूर्वीइतकं रेंगाळत नाही. जीएसटीची नोंदणी रद्द केली तर शेवटचं विवरणपत्र तीन महिन्यांत भरायचं असतं. हे विसरणारे इतके की कुठल्याही सीएला विचारा, तो आधी हसेल आणि मग नोटिशीची फाइल दाखवेल.

'प्रायव्हेट लिमिटेड'मधल्या 'लिमिटेड'वर भरवसा ठेवताना एक सही आठवून पाहावी. बँकेनं कर्ज देताना वैयक्तिक हमी घेतली होती का? घेतली असेल तर ती भिंत तिथंच फुटली. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतल्या व्यक्तींबद्दलच्या तरतुदी अजून सर्वांना लागू झालेल्या नाहीत, पण कंपनीच्या कर्जाला हमी राहिलेल्यांना त्या १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहेत. बाकीच्या माणसाचं वैयक्तिक दिवाळं हैदराबादेत काय किंवा सोलापुरात काय, अजून १९२० च्या कायद्यानं निघतं. मुंबईत तर १९०९ च्या.

देण्यांत आधी कुणाचं? कायद्याची प्रक्रिया सुरू झाली की हे आपल्या हातात राहत नाही. क्रम ठरलेला असतो, आणि त्यात कामगारांची मागच्या चोवीस महिन्यांची देणी तारण घेतलेल्या सावकारांच्या बरोबरीनं वरच्या पायरीवर असतात. पण बहुतेक छोट्या कंपन्या तिथवर जातच नाहीत. तेव्हा गाठीला जे आहे त्यातून आधी पोरांचे पगार, मग छोटा पुरवठादार. मोठ्या गुंतवणूकदारानं दहा ठिकाणी पैसे लावलेले असतात आणि त्यातले सात बुडणार हे तो धरूनच चालतो. पुठ्ठ्याची खोकी देणाऱ्यानं तसं धरलेलं नसतं. शिवाय उद्या बाजारात आपल्याबद्दल कोण काय बोलतं, ते या खोकेवाल्याच्या तोंडून ठरतं.

तोट्यालाही किंमत असते, हे अनेकांना ठाऊक नसतं. तुमच्या स्वतःच्या नावावरच्या धंद्यातला तोटा पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो, विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तर. नोकरीच्या पगारातून मात्र तो वजा होत नाही. म्हणजे प्राप्तिकर खात्याच्या दृष्टीनं तुम्ही आठ वर्षांच्या आत पुन्हा धंदा कराल अशी अपेक्षा आहे. काकांच्या दृष्टीनं नसली तरी.

आणि नोकरी? घ्यावी. खुशाल घ्यावी. नोकरी घेणं म्हणजे हार, हा विचार स्टार्टअपवाल्यांनी एकमेकांच्या डोक्यात भरवलेला आहे. टेलरनं मिळाली ती नोकरी घेतली, आणि तिच्यातून जे उभं राहिलं ते बॅक्स्टरच्या पेढीत कधी उभं राहिलं नसतं. अर्जात कंपनीची तीन वर्षं लपवू नयेत. 'वैयक्तिक कारणास्तव खंड' असं लिहिलं की समोरच्याला वाटतं, माणूस आजारी तरी होता नाहीतर आत तरी होता. काय विकायचो, किती गिऱ्हाइकं होती, किती माणसं कामाला होती, कुठल्या महिन्यात पैसे संपले आणि का संपले, हे चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे. शेवटचं वाक्य सांगताना आवाज चढत नसेल, कुणाला शिवी द्यावीशी वाटत नसेल, तर समजावं की पहिल्या खोलीतलं काम बरंचसं झालं आहे. आरशापुढं नाही, माणसापुढं म्हणून पाहावं. एखाद्या जुन्या मित्राला गाठावं, इराणी चहा मागवावा आणि सांगून टाकावं.

गाव सोडावं का, असं पुष्कळजण विचारतात. पुण्याहून हैदराबादेत आलेला पोरगा धंदा बुडाला की परत पुण्याला जातो आणि हैदराबादचं नाव टाकतो. कधी ते बरोबरही असतं; भाडं परवडत नाही तिथं तत्त्वज्ञान काय करायचं? पण लाजेपोटी सोडू नये. बाजाराची आठवण आपल्याला वाटते तितकी लांब नसते. सुलतान बाजारातल्या दुकानदारांनी मेट्रोच्या पुलाला वर्षानुवर्षं विरोध केला, आमचा बाजार बसेल म्हणून. २०२० च्या फेब्रुवारीत त्यावरून गाडी धावू लागली, दीड महिन्यात टाळेबंदी आली, आणि तरी त्या पुलाखाली परकराचं कापड अजून मीटरवर मोजून देतात. कुणाचं दुकान गेलं, कुणाचं मागं सरकलं, कुणी शेजारी गाळा घेतला. आज तिथं कुणाला विचारलं, तर तो आधी तुम्हाला काय हवंय ते विचारेल.

राहता राहिला निजामाचा हिशेब. पामरांचं कर्ज फिटलं तरी फौजेच्या पगाराचं ओझं सरलं नाही. ते तुंबत गेलं आणि १८५३ साली त्यापोटी निजामाला वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग हे मुलूख कंपनी सरकारच्या हवाली करावे लागले. सोलापूरहून हैदराबादला जाताना लागतं तेच हे नळदुर्ग. तिथला कारभार पाहायला कंपनीनं पाठवला तो मेडोज टेलर, ज्याच्या सासऱ्यानं एकेकाळी याच फौजेचे पगार व्याजानं भागवले होते. सासरा तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता आणि हैदराबादेतच राहत होता. तो वारला १८६७ साली, त्याच शहरात, पेढी बुडाल्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी.